चरख्याची माळ उतरवताना : आयर्लंडमधले पाच दिवस

माझं माहेर म्हसवडचं. आम्ही सनगर. आजोबा खड्डामागावर घोंगडी विणायचे आणि आजी लोकर कातायची. आजोबांचं नाव माणदेशात पुष्कळांना ठाऊक होतं. त्यांच्या हातचं घोंगडं म्हटलं की गिऱ्हाईक भाव करत नसे. आजीच्या सुताबद्दल मात्र कुणी काही बोलल्याचं मला आठवत नाही. पहाटे चुलीवर पाणी ठेवलं की ती चरख्याशी बसायची आणि पाणी तापलं की उठायची. दिवसभर असंच, कामांच्या फटीफटीतून तिचं कातणं चाले. ती गेल्यावर चरखा माळ्यावर गेला. त्याची चाती, म्हणजे जिच्यावर सूत पिळलं आणि गुंडाळलं जातं ती लोखंडी सुई, तेवढी मी माझ्याकडे आणली.

भाची डब्लिनमध्ये नर्स आहे. एकदा फोनवर म्हणाली, "मावशी, इथे पश्चिमेकडे अजून घराशेजारच्या शेडमध्ये माग असतात. तू ये, मी रजा काढते." जूनमध्ये गेले. तिने पाच दिवस गाडी चालवली आणि मी खिडकीतून मेंढ्या बघितल्या.

पहिला दिवस : डब्लिन ते टर्लो

डब्लिनहून साधारण तीन तासांत आम्ही मेयो परगण्यात पोचलो. कॅसलबार गावाच्या अलीकडे टर्लो इथे आयर्लंडच्या राष्ट्रीय संग्रहालयाची ग्रामीण जीवनाची शाखा आहे, २००१ मध्ये उघडलेली. साधारण १८५० ते १९५० या शंभर वर्षांतली खेड्यातली माणसं काय वापरत होती, ते इथे ठेवलं आहे. गवताच्या दोरांच्या खुर्च्या, वेताच्या पाट्या, पीट खणायची फावडी. पीट म्हणजे दलदलीतली कुजलेली वनस्पती. ती विटांसारखी कापून वाळवायची आणि चुलीत जाळायची.

मी मात्र चरख्यांसाठी आले होते. आयरिश भाषेत चरख्याला 'तूर्न्या' म्हणतात. घराघरांत त्याच्या दोन जाती होत्या. मोठा चरखा म्हणजे छातीइतक्या उंचीचं चाक. त्याला पायपट्टी नाही आणि कातणारी बसतही नाही. उजव्या हाताने चाकाला गती द्यायची, डाव्या हातात पेळू, म्हणजे पिंजलेल्या लोकरीची गुंडाळी, धरायचा आणि मागे मागे चालत जायचं. चालाल तेवढा धागा लांबतो, त्याला पीळ बसतो. मग चाक किंचित उलटं फिरवून, पुढे चालत येऊन तो चातीवर गुंडाळायचा. पुन्हा मागे. दिवसभर घरातल्या घरात किती कोस चाल होत असेल!

छोटा चरखा बसून चालवायचा. त्याला पायपट्टी असते, आणि पीळ देणं व गुंडाळणं एकाच वेळी होतं. तो मुळात जवसाच्या तंतूंसाठी, म्हणजे लिननसाठी चांगला. उत्तरेकडे लिनन जास्त, म्हणून तिकडे हा जास्त. पुढे त्यावर लोकरही कातली जाऊ लागली.

मोठ्या चरख्याची चाती मी निरखून बघितली. आजीच्या चातीपेक्षा लांब, पण टोकाचा निमुळतेपणा तोच. लोखंडाची सुई फिरवून तिच्या टोकावरून धागा निसटू द्यायचा आणि त्याला पीळ चढवायचा, हे शहाणपण इतक्या दूर अंतरावर दोन ठिकाणी सारखंच निघालं याचं मला नवल वाटलं नाही. आनंद मात्र फार झाला.

दुसरा दिवस : फॉक्सफर्ड, मग उत्तरेला

सकाळी फॉक्सफर्ड. मॉय नदीच्या काठी लोकरीची गिरणी आहे. मदर आग्नेस मॉरो-बर्नार्ड या जोगिणीने ती १८९२ मध्ये सुरू केली. गावात दारिद्र्य भयंकर होतं आणि नदीचं पाणी नुसतं वाहून जात होतं. त्या पाण्यावर गिरणी चालेल हे तिला दिसलं, पण लोकरीचं तंत्र येत नव्हतं. तिने टायरोन परगण्यातल्या एका गिरणीच्या चालकाला पत्र लिहिलं. तो प्रॉटेस्टंट, ही कॅथलिक जोगीण, आणि तो काळ असा की ही रेघ कुणी सहज ओलांडत नसे. त्याने मदत केली. ब्लँकेटं आजही फॉक्सफर्डच्या नावाने विकली जातात.

तिथून स्लायगो, बेन बुल्बेनचा सपाट माथ्याचा डोंगर, आणि मग डोनेगल शहर. चौकातच मगीचं दुकान आहे, १८६६ पासूनचं. या दुकानाचं कापड फार काळ गावोगावचे विणकर आपापल्या घरी विणत होते. सूत दुकानाने द्यायचं, माग विणकराचा. इचलकरंजी-सोलापूरच्या माणसाला ही पद्धत समजावून सांगायला नको.

संध्याकाळी आर्डराला पोचलो. गावाबाहेर एका घरात चार रात्रींची खोली घेतली होती. घरमालकीण पंचाहत्तरीच्या पुढची. चहा देताना तिने विचारलं, सुट्टीला समुद्र बघायला आलात का? भाचीने सांगितलं, मावशी लोकर बघायला आली आहे. बाई दोन क्षण काही बोललीच नाही. मग उठली आणि आम्हाला मागच्या खोलीत घेऊन गेली. खिडकीशी चरखा होता, छोट्या जातीचा. तिच्या आजीचा. पायपट्टीचं लाकूड डाव्या बाजूला बशीसारखं खोल झिजलेलं. तिच्या आजीचा डावा पाय होता तो.

बाई अजून थोडं कातते, मोज्यांपुरतं. त्या रात्री झोपायला जाण्याआधी तिने चाक आणि चाती जोडणारी दोरी उतरवून ठेवली. आपण जिला माळ म्हणतो तीच. मला वाटलं, दोरी सैल पडू नये म्हणून असेल. तिने सांगितलं ते वेगळंच. रात्री माळ चढवलेली राहिली तर टेकडीतल्या परलोकीच्या बायका घरात येऊन कातत बसतात, असं जुनी माणसं मानत. म्हणून झोपण्याआधी माळ काढायची आणि पाय धुतलेलं पाणी बाहेर ओतायचं. "तुम्ही मानता का?" भाचीने विचारलं. बाई म्हणाली, "आजी काढायची. मी काढते."

तिसरा दिवस : आर्डरा

हा दिवस सगळा आर्डरात गेला आणि तरी पुरला नाही.

सकाळी एका विणकराच्या शेडमध्ये गेलो. दारातूनच मागाचा ठेका ऐकू आला. ठक्, मग आडवं सूत नेणाऱ्या धोट्याची सर्रकन धाव, पुन्हा ठक्. मला दाराशी थोडं थांबावं लागलं. पंचेचाळीस वर्षांनी तो ठेका ऐकत होते. आजोबांचा धोटा हाताने फेकायचा असे, त्यामुळे त्यांचा ताल संथ होता. इथे दोरीला झटका दिला की धोटा आपोआप पलीकडे जातो. हा उडता धोटा इंग्लंडच्या जॉन के याने १७३३ मध्ये काढला, पण डोनेगलच्या घरांत तो पोचायला दीडशेहून जास्त वर्षं गेली.

तो इथे आणला कन्जेस्टेड डिस्ट्रिक्ट्स बोर्डाने. १८९१ मध्ये स्थापन झालेलं हे सरकारी मंडळ. पश्चिमेच्या ज्या भागात जमीन थोडी आणि खाणारी तोंडं फार, तिथे काही धंदा उभा करायचा हे त्याचं काम. त्याच्याही आधी, १८८३ मध्ये, ॲलिस हार्ट नावाच्या बाईने डोनेगलच्या घरगुती कापडाला लंडनमध्ये बाजार मिळावा म्हणून निधी उभा केला होता. मंडळाने सुधारित माग दिले, चरखे दिले आणि कापड तपासायला माणूस नेमला. आर्डरात महिन्याच्या पहिल्या तारखेला कापडाचा बाजार भरे. डोंगरापलीकडून माणसं कापडाचे तागे घेऊन येत. तपासनीस ते मोजून, पारखून पसंत करी. १९१२ मध्ये यासाठी गावात खास इमारत बांधली. ती मी बाहेरून दोनदा बघून आले. दगडी, साधी. दाराशी रांग कशी लागत असेल, याचाच विचार करत होते.

त्याही मागे गेलं तर एक कटू गोष्ट लागते. आयर्लंडची लोकर आणि लोकरी कापड सतराव्या शतकात इतकं चांगलं चाललं होतं की इंग्लंडच्या व्यापाऱ्यांना धास्ती वाटली. १६९९ मध्ये इंग्लंडच्या संसदेने कायदा करून आयर्लंडच्या लोकरी कापडाची निर्यात बंद पाडली. शहरातले कारखाने बसले. घरातला चरखा मात्र कायद्याच्या हाताला लागला नाही, कारण तो विकण्यासाठी फिरत नव्हता. अंगावर घालायचं कापड घरातच व्हायचं. आपल्या मेंढ्या, आपलं कातणं, आणि विणायला सूत गावच्या विणकराकडे न्यायचं. त्याला दर वार कापडामागे मजुरी द्यायची. आमच्याकडे धनगर बायका कातलेली लोकर घेऊन आजोबांच्या ओट्यावर यायच्या, ते मला लख्ख आठवतं.

विणकराला मी विचारलं, एक माग चालवायला किती चरखे लागत? तो मागावरून हात न काढता म्हणाला, चार-पाच तरी, आणि त्या बायका आळशी नसतील तर. मग त्याने माग थांबवला आणि सांगितलं की त्याचे आजोबा सुताला हात लावून ते कोणत्या घरचं ते ओळखत. कुणाचा पीळ घट्ट, कुणाचा सैल, कुणाच्या घरी त्या आठवड्यात मूल आजारी होतं, तेही सुतावरून कळे. "वहीत मात्र आजोबांचंच नाव," तो म्हणाला. वही त्याने दाखवली. किती वार कापड, तारखा, पैसे. कातणारीचं नाव एकाही पानावर नव्हतं. तो हे वाईट वाटून सांगत होता, आणि म्हणून तो मला आवडला.

दुपारी घरमालकीण बाईने पिंजायला शिकवलं. तारेचे बारीक दात असलेल्या दोन फळ्या. एकीवर लोकर लावायची, दुसरीने ओढायची, सगळे तंतू मोकळे झाले की गुंडाळून पेळू काढायचा. लोकर कोरडी असेल तर तुटते, म्हणून आधी थोडी चरबी चोळायची. तिची आई लोणी वापरायची. हे सगळं काम मुलांकडे असे, शाळेतून आल्यावर. पिंजणं मुलांचं, कातणं बायकांचं, विणणं बहुतेक पुरुषांचं. हिवाळ्यात शेजारणी आपापला चरखा पाठीवर घेऊन एकीच्या घरी जमायच्या आणि कातता कातता गोष्टी चालायच्या. वर्षातले दोन दिवस मात्र चाक बंद. १ फेब्रुवारीला संत ब्रिजिडचा दिवस आणि ११ नोव्हेंबरला संत मार्टिनचा. मार्टिनला गिरणीच्या चाकाखाली मरण आलं असं लोक मानत, म्हणून त्या दिवशी कोणतंच चाक फिरवायचं नाही. गाडीचंही नाही. आजोबा खंडेनवमीला मागाला हात लावत नसत. आजीच्या चरख्याला त्या दिवशी झेंडूचं फूल मिळे, वर्षातून तेवढंच एकदा.

चौथा दिवस : ग्लेनगेश ओलांडून

आर्डराहून ग्लेनकोल्मकिल पंचवीस-एक किलोमीटर, पण मधे ग्लेनगेशची खिंड आहे. वळणं अशी की खालची दरी एकदा उजवीकडे दिसते, एकदा डावीकडे. पाऊस येत-जात होता. काळ्या तोंडाच्या डोंगरी मेंढ्या रस्त्यावरच बसलेल्या, आणि प्रत्येकीच्या पाठीवर मालकाच्या ओळखीचा निळा नाही तर लाल रंग.

ग्लेनकोल्मकिलला लोकग्राम आहे. फादर जेम्स मॅकडायर १९५१ मध्ये या खोऱ्यात धर्मगुरू म्हणून आले. तरुण पोरं परदेशी जाऊन खोरं रिकामं होत चाललं होतं. त्यांनी सहकारी धंदे सुरू करून पाहिले आणि १९६७ मध्ये गावकऱ्यांच्या हातून गवती छपरांची ही घरं उभी केली. वेगवेगळ्या शतकांतली घरं जशी असत तशी. छप्पर समुद्राच्या वाऱ्याने उडू नये म्हणून दोरांनी बांधून दोर भिंतीतल्या दगडी खुंट्यांना अडकवलेले. आत शिरलं की पीटचा वास. खोली एवढीशी. मोठा चरखा घेऊन बाई मागे चालायला लागली तर बाकीच्यांनी भिंतीला टेकूनच राहायचं, एवढीशी.

इथे मला रंगांचं कोडं उलगडलं. डोनेगलच्या कापडात एक विटकरी-तपकिरी रंग असतो. मला वाटत होतं की तो सालींचा असेल. तो निघाला कातळावरच्या शेवाळासारख्या एका वाढीचा, जिला ते क्रॉटल म्हणतात. राखाडी, कुरकुरीत पापुद्रे. मी एक पापुद्रा बोटात धरला, नाकाशी नेला, आणि एकदम ओळख पटली. हे आपल्या दगडफुलाच्या कुळातलं! आपण जे तेलावर परतून काळ्या मसाल्यात घालतो, त्याचे हे चुलतभाऊ लोखंडी हंड्यात लोकरीच्या थरांमध्ये घालून तासन् तास उकळायचे. दुसरं काही मिसळावं लागत नाही, रंग पक्का बसतो. भाचीला मी ते दोनदा हुंगायला लावलं.

पिवळा रंग हेदर आणि काटेरी गॉर्स या झुडपांचा. काळा रंग दलदलीतल्या काळ्या चिखलाचा. निळीचे खडे आणि मंजिष्ठाच्या जातीचं लाल मूळ दुकानातून यायचं. निळीला आंबवायला घरातलं साठवलेलं मूत्र वापरत, कापड धुवायलाही तेच. हे सांगताना पुष्कळ लोक संकोचतात. मला त्यात संकोचण्यासारखं काही दिसत नाही. साबण विकत घ्यायला पैसे नव्हते आणि त्या बायकांना मळ कशाने सुटतो याचं ज्ञान होतं.

मागावरून उतरलेलं कापड लगेच अंगात घालता येत नसे. गरम पाण्यात भिजवून ते हातापायांनी तुडवायचं, म्हणजे तंतू एकमेकांत गुंततात, कापड आटतं आणि दाट होतं. मग त्यात पाऊस शिरत नाही. आमच्या घोंगडीला आजोबा चिंचोक्याची खळ लावायचे, तिचा कडकपणा वेगळा. इथे कडक नको, दाट हवं. आडवा पाऊस आम्ही त्याच दिवशी अनुभवला, त्यामुळे का ते वेगळं सांगायला नको.

पाचवा दिवस : किलकार

किलकार छोटं आहे, एक रस्ता आणि दोन्ही बाजूंना घरं. पाट्या आयरिशमध्ये. इथे सूतगिरणी आणि हातमाग दोन्ही आहेत. डोनेगल ट्वीड म्हणजे इथलं जाडसर लोकरी कापड, आणि त्याची ओळख म्हणजे त्यावरचे रंगीत ठिपके. राखाडीत एकदम पिवळा, निळा, शेंदरी. गिरणीत ते मुद्दाम करतात. पिंजताना रंगीत लोकरीचे बारीक गोळे सोडायचे, ते धाग्यात ओढले जात नाहीत, तसेच गुठळीसारखे राहतात. पूर्वी हाताने पिंजलेल्या, हाताने रंगवलेल्या लोकरीत अशा गुठळ्या आपोआप यायच्या. मला ते ठिपके फार आवडले. गिरणी इतक्या मेहनतीने जे जपते आहे ती मुळात कुणा बाईच्या घाईतल्या हाताची खूण आहे.

परतताना एका शेतकऱ्याच्या कोठारात थांबलो. मेंढ्या कातरून झाल्या होत्या. लोकरीच्या गुंडाळ्या छतापर्यंत रचलेल्या. त्याने सांगितलं, या लोकरीला जो भाव मिळतो त्यातून कातरणाऱ्याची मजुरीही सुटत नाही. डोंगरी मेंढीची लोकर राठ. अंगावरच्या कापडासाठी मऊ लोकर लागते, ती पुष्कळशी बाहेरच्या देशांतून येते. माणदेशात आमच्या दख्खनी मेंढीच्या लोकरीची हीच गत आहे. कातरून बांधावर टाकून दिलेली मी पाहिली आहे. मला राग आला, कुणावर ते कळेना. मी मूठभर लोकर मागितली. तो पोतंभर द्यायला निघाला होता.

शेवटची संध्याकाळ. जूनमध्ये इथे रात्री दहा वाजले तरी उजेड असतो. बाई चरख्याशी बसली, मी आजीची चाती काढली. तिला खाली लाकडी चकती लावून मी टकळी करून घेतली आहे. दोघींनी त्याच मुठीतली लोकर पिंजून घेतली. तिचा पाय झिजलेल्या पायपट्टीवर, बरोबर त्या खळग्यात बसत होता. माझा धागा सुरुवातीला तुटला, मग हाताला आठवलं.

एकेरी धागा सोडला की स्वतःभोवतीच गुरगुटतो. म्हणून दोन पेड उलट्या दिशेने एकत्र पिळायचे, एकाचा पीळ दुसऱ्याला धरून ठेवतो. तिचा एक पेड आणि माझा एक, असं सूत आम्ही पिळलं. जेमतेम सहा-सात हात झालं. तिचा पेड एकसारखा, माझा जाड-बारीक. तिने ते मधोमध कापलं आणि अर्धं मला दिलं.

मग मी तिला तिच्या आजीचं नाव विचारलं. तिने सांगितलं, आणि मला माझ्या आजीचं विचारलं. ठकूबाई. तिला ते नीट म्हणता येईना, म्हणून तिने तीनदा म्हणून पाहिलं. तिसऱ्यांदा जमलं.

अकरा वाजता ती उठली, पाय धुतलेलं पाणी मागच्या दाराने ओतून आली, आणि चरख्याकडे बोट दाखवून मला खूण केली. मी माळ उतरवली आणि खुंटीला अडकवली.